तळाशी गेलेला कप

लेकीने मोठ्या कौतुकाने थर्माकोलचा कप आईपुढे ठेवला. कॅमेऱ्याला बांधून तिने तो खोल समुद्राच्या तळाशी सोडला होता. वर आला तो अंगठ्याएवढा होऊन. त्यावर रंगवलेला, डोक्यावर दिवा मिरवणारा मासाही माशीएवढा झाला होता. "पाण्याचा दाब, आई! बघ कसा चेपला!" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. उद्या त्याच तळाशी ती स्वतः पाणबुडीतून उतरणार होती. आईने कप बोटात घालून पाहिला. "मग तिथले मासे कसे चेपत नाहीत?" "त्यांच्या आतूनही तेवढाच दाब असतो." "आणि तू?" "माझी पाणबुडी पोलादी आहे. आत बसलेल्याला काही होत नाही." आई उठली, फडताळातून तसलाच कोरा कप घेऊन आली. "हा मांडीवर घेऊन बस. आहे एवढाच परत आण," ती म्हणाली. "चहा यातच देईन."