हातभर अँटेना

"दादा, ही अँटेना तुम्हीच माझ्या गळ्यात मारलीत!" मी दुकानदाराच्या काउंटरवर ती हातभर कांडी आपटली. "म्हणे, लांब अँटेना पार्किंगच्या छताला घासेल. हिच्यावर एकच माणूस ऐकू येतो, आणि तो माझं कॉलसाइन चोरतो!"

आम्हा हौशी रेडिओवाल्यांचं कॉलसाइन, म्हणजे सरकारनं दिलेली ओळखीची अक्षरं, एकाचं दुसऱ्याला मिळत नाही. हा निर्लज्ज मात्र भरदुपारी माझंच वापरत होता.

दुकानदार बाहेर आला. त्यानं अँटेना माझ्या गाडीच्या टपावर बसवली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मी गाडीतला रेडिओ सेट लावला.

लगेच आवाज आला. माझंच कॉलसाइन, अक्षर न् अक्षर. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा काटा पार टोकाला गेला.

"एवढ्याशा अँटेनावर एवढा जोर?" दुकानदार म्हणाला. "माणूस इथंच कुठंतरी असणार."

रस्ता रिकामा होता. मी तणतणत उतरलो, अँटेना फिरवून काढली आणि परत येऊन बसलो. आवाज चालूच होता. काटा जागचा हलला नव्हता.

मी माइक उचलला.

"अहो, अँटेनाशिवाय बोलू नका, सेट जळेल!" दुकानदार ओरडला.

"जळू दे! कोण रे तू? दुसऱ्याचं कॉलसाइन वापरायला लाज नाही वाटत?"

क्षणभर खरखर झाली. मग माझ्याच आवाजात, माझ्याहून संतापून उत्तर आलं.

"लाज तुला वाटायला हवी! आधी माझ्या गाडीतून उतर. आणि दादा, तुम्ही तरी नीट बघा, कुणाच्या शेजारी बसलाय!"

दुकानदारानं माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला. मग हात लांबवून त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं.