फावड्याचा नवा दांडा

फावड्याला नवा दांडा बसवला की छबूबाई त्याला आठ दिवस तेल पाजायची. रोज सकाळी करडईचं तेल चोळायचं आणि दांडा उन्हात भिंतीला टेकवून ठेवायचा. कोरडं लाकूड हात सोलून काढतं, आणि फावड्यानं उसाला पाणी धरणाऱ्या नवऱ्याच्या हाताला ती फार जपायची.

रामहरीच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटून गेलं होतं. बांधावर भाकरी खाऊन झाली की त्या रिकाम्या जागेत ती आपलं बोट घालायची, आणि तो ते हळूच दाबायचा. चाळीस वर्षं त्यांचा एवढाच लाड.

रामहरीला जाऊन सहा महिने झाले. जुना दांडा मोडला म्हणून लेकानं, गोरक्षनं, बाभळीचा नवा बसवला. छबूबाई सवयीनं तेल घेऊन बसली.

पाचव्या दिवशी दांड्यावर एका जागी तेल मुरेना. तिथं लाकूड आधीच गुळगुळीत झालं होतं, वर्षानुवर्षं घाम प्यायल्यासारखं.

"गोरक्षा, तू वापरला का रं ह्यो?"

"न्हाई, आई. तुझं तेल कुठं मुरलंय अजून?"

आठव्या दिवशी ठसे स्पष्ट दिसले. एक अंगठा, मग मोकळी जागा, मग तीन बोटं.

छबूबाईला आधी हसूच आलं. "उसाला पानी द्यायची लई घाई तुमाला," ती पुटपुटली. पदराला हात पुसून तिनं त्या मोकळ्या जागेवर आपलं बोट ठेवलं.

दांड्यानं ते हळूच दाबलं.