एकशे तेरा अहोलोते

"दोन-तीन पुरेत म्हटलं होतं मी!" काठावरून तोमासाबाई करवादली. "ही काय वरात आहे?"

"शेजारच्या चोनीनं सात सोडले, बाई," फिदेन्सिओ दुसरी बादली उपडी करत म्हणाला. "मी दोनच सोडून गल्लीत तोंड कसं दाखवू?"

बादलीतून पंधरा अहोलोते कालव्यात सरकले. पाण्यातल्या पालीसारखा हा जीव: चार पाय, मानेशी पिसांसारखे कल्ले आणि तोंडावर कायमचं हसू. मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांबाहेर तो जगात कुठेच आपला आपण राहत नाही. आता इथेही तो नवस केला तरच दिसायचा. घराघरांतल्या टबांत मात्र लोकांनी हौसेनं पाळलेला.

हा कालवा बुजवून तिथे चार मजली घरकुलं उठायची होती. त्यात तोमासाबाईचं शेतही जाणार होतं, आजोबांनी पाण्यात चिखल रचून उभं केलेलं, झेंडूचं. नियम मोठा दयाळू होता. आजच्या पाहणीत अहोलोतेसारखा संकटातला जीव सापडला, तर बांधकाम बंद. या वर्षी संताच्या उत्सवाचा मान तोमासाबाईकडे होता. रविवारी तिनं चर्चच्या पायरीवरून वस्तीला साकडं घातलं, घरच्या टबांतले दोन-तीन अहोलोते कालव्यात सोडा म्हणून. तिथेच चुकलं. त्या पायरीवरून काही मागितलं की इथे कुणी शेजाऱ्यापेक्षा कमी देत नाही. भक्तीच तेवढी! देवापुढे एक वेळ कमी पडू, शेजारणीपुढे नाही.

दहाला सरकारी तज्ज्ञ उर्रुतियासाहेब आले. जाळी पडली. दुपारपर्यंत साहेब मोजत राहिले आणि मोजता मोजता त्यांचे डोळे पाणावले.

"एकशे तेरा! अभिनंदन, बाई. तुमच्या कालव्यातला अहोलोते आता संकटात नाही."

काठावर टाळ्या पडल्या.

"आणि संकटात नाही, म्हणजे बांधकामाला आमची हरकत नाही."

टाळ्या थांबल्या. तोमासाबाई साहेबांपुढे आली. शेत वाचवायला ती खोटं वागली होती. आता ते वाचवायला खरं बोलणं आलं. तिनं छातीवर क्रूस काढला.

"साहेब, देवाची शपथ, हे कालव्याचे नाहीत. आमच्या घरातले आहेत. पहाटे आम्हीच सोडले. कालव्याचे असतील फार तर तीन-चार. त्यांना तरी सांभाळा."

उर्रुतियासाहेबांनी अहवाल टराटरा फाडला. फिदेन्सिओनं सुटकेचा निःश्वास टाकला. साहेबांनी जाळीतला एक अहोलोते तळहातावर घेऊन निरखला.

"हे एवढे गुटगुटीत घरात झालेत?"

"हो, साहेब. धुण्याच्या टबांत."

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला आणि प्रसन्न चेहऱ्यानं लिहायला घेतलं.

"मग तर प्रश्नच मिटला, बाई. टबात इतके सुखात असतात, तर कालवा हवा कशाला?"