सहावं भाषण

"दोनच शब्द बोला," मुख्याध्यापिका शिंपीणबाईंच्या कानाशी पुटपुटल्या. "पोरं तुमचंच ऐकतात."

शाळेत सैन्यभरतीचा दिवस होता. सभागृहाच्या दारावर शिंपीणबाईंच्या मुलाचं नाव पितळी अक्षरांत होतं. सहा वर्षांपूर्वी लढाईत नदी ओलांडताना त्याची तुकडी वाहून गेली. देह कुणाचाच हाती लागला नाही. तेव्हापासून दरवर्षी बाईंना व्यासपीठावर बसवत, आणि त्या दोन शब्द बोलत.

"तो याच बाकांवर बसायचा," त्या म्हणाल्या. "गणितात कच्चा, पण पळण्यात वारा."

पोरं हसली. मग नदीचं सांगितलं, तेव्हा सगळी चिडीचूप झाली. भाषण संपताच भरतीसाठी आलेल्या मेजरच्या टेबलापुढे रांग लागली.

शेवटच्या वर्गातली एक मुलगी रांग सोडून त्यांच्यापाशी आली.

"मावशी, मीपण अर्ज भरलाय. फक्त सही राहिलीय. आई दोन दिवस जेवली नाही. तिला काय सांगू?"

बाईंच्या ओठांवर काहीतरी आलं. पण मेजर हाकेच्या अंतरावर बसला होता.

"तिच्याजवळ बस जरा."

"तुम्ही तर कधीच रडत नाही. लोक म्हणतात, काळीज असावं तर असं."

"लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार, पोरी?"

मुलगी पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. तिला हाक मारावी असं बाईंना फार वाटलं. पण त्या पदर सावरून दाराकडे वळल्या.

"घरापर्यंत सोडतो," नंतर जीपजवळ मेजर म्हणाला.

"कोपऱ्यावर सोडा. पुढं जाईन मी."

"एकट्या राहता. कुणी येतं-जातं का?"

"गिऱ्हाइकं येतात. कपडे खिडकीतूनच देतात-घेतात."

पूर्वी शेजारणी यायच्या, बहीण चार दिवस राहायला यायची. बाईंनी एकेकीला तोडलं. दुःखानं माणूसघाणी झाली, असं सगळे धरून चालले, आणि हळूहळू कुणी दार वाजवेनासं झालं.

भर दुपारी गल्ली ओस पडली होती. बाईंनी कुलूप काढलं, आत शिरून कडी लावली, वर अडसर सरकवला आणि भिंतीला पाठ टेकून तिथंच बसल्या. त्या मुलीचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

आतल्या खोलीचा पडदा जरासा सरकला.

"आई," दबक्या आवाजात प्रश्न आला, "माझ्या मरणाचं ऐकून आज किती जण भरती झाले?"