शिवीचा कोळसा

“टाकू नकोस,” ड्रायव्हर क्लिफर्ड रॅम्सडेन म्हणाला. “डिझेल इंजिनातून कोळसा पडला, तर म्हातारीला सगळं कळेल.”

पोत्याचं तोंड सोडता सोडता एरिक टॉफम थांबला. पोत्यातला कोळसा त्याच्या घरचा होता, बायकोच्या नकळत आणलेला. गेल्या आठवड्यापर्यंत तो क्लिफचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, होता. आता इंजिनात भट्टीच उरली नव्हती, म्हणून त्याला नुसतं ‘सहायक’ म्हणत.

मालगाडी चढाला लागली होती. मागे कोळशाने काठोकाठ भरलेल्या वाघिणी होत्या. नुसत्या साखळ्यांनी जोडलेल्या असल्यामुळे त्या प्रत्येक हिसक्यासरशी कण्हत होत्या. त्यांतला कण न् कण डोंगरापलीकडच्या गिरण्यांच्या नावे रवाना झालेला होता. त्याला हात लावणे म्हणजे चोरी. वाफेच्या इंजिनाची गोष्ट वेगळी होती. त्याच्या पाठीशी स्वतःचा कोळसा असे, आणि त्यातला भट्टीत किती गेला व कुंपणापलीकडे किती, हे फक्त फावड्याला ठाऊक असे.

चढाच्या वळणावर गाडीचा वेग माणसाच्या चालीवर येई. तिथेच, रुळांना लागून, विधवा हॅना ऑर्मरॉडचं घर होतं. ती रोज सकाळी कुंपणाशी उभी राही आणि इंजिन दिसताच तोंड सोडी. “काळतोंड्यांनो! आताच वाळत घातलेली चादर नासवलीत! तुमच्या भट्टीत माती पडो!” त्यावर एरिक तारस्वरात ओरडे, “तू आणि तुझी चादर एकदमच भट्टीत घालतो, थांब थेरडे!” आणि संतापाने हाताला लागेल ते सर्वांत मोठं ढेकूळ तिच्या रोखाने भिरकावी. नेम नेहमी चुकत असे. गाडी पुढे गेली की म्हातारी ढेकळं वेचून घरात नेई.

तिला असा कोळसा पोचवण्याचं काम क्लिफला आधीच्या ड्रायव्हरने सोपवलं होतं. त्याने ताकीद एकच दिली होती: हा राग खोटा आहे, हे तिला कधी कळता कामा नये. ती ताकीद किती खरी होती ते नाताळात दिसलं. चर्चच्या बायका लाल फीत बांधलेलं कोळशाचं पोतं तिच्या दाराशी ठेवून गेल्या. म्हातारीने ते जुन्या बाबागाडीत घातलं, बर्फातून ढकलत पाद्रीबाबांच्या दारात नेऊन ओतलं आणि सांगितलं, “माझ्या घरात अजून कोणी भिकारी राहायला आलेलं नाही.”

“मग काय, नुसतं बघत पुढे जायचं?” एरिक म्हणाला. “तिच्या धुराड्याकडे बघा, क्लिफ. धूर नाही.”

“दिसतंय मला.”

“गारठून मरेल ती.”

“मरेल, पण भीक घेणार नाही. आणि आपण चिडलोय, हे तिला पटणार कसं? या डब्यात बसून माणूस कशावर चिडणार, बाबा? हातसुद्धा काळे होत नाहीत.”

क्लिफने स्वतःच्या स्वच्छ तळव्यांकडे पाहिलं. डेपोतला कोळशाचा ढीग हलवला होता. त्या जागी तेलाची टाकी आली होती. कोठीतून फावडी देणं बंद झालं होतं. तरुणपणी फायरमन म्हणून वर्षानुवर्षं भट्टीसमोर वाकलेल्या त्याच्या पाठीला आता विसावा मिळायला हवा होता. पण इतका थकवा त्याला पूर्वी कधीही आला नव्हता.

वळण आलं. म्हातारी नवऱ्याचा जुना ओव्हरकोट घालून कुंपणाशी उभीच होती. तिने तोंड उघडलं. समोरून हिरवंगार, चकचकीत इंजिन येत होतं. ना धूर, ना ठिणगी. तिच्या मागे दोरीवर चादर पांढरी स्वच्छ हलत होती. तिने तोंड मिटलं.

एरिकला राहवलं नाही. त्याने दार उघडून एक ढेकूळ खाली सोडलं. शिवी द्यायची राहूनच गेली. ढेकूळ कुंपणाखालून घरंगळत अलगद तिच्या पायाशी जाऊन थांबलं. इतक्या वर्षांत त्याचा नेम प्रथमच बरोबर बसला होता.

म्हातारीने वाकून ते उचललं. ढेकळाकडे पाहिलं, मग एरिककडे. क्लिफने नजर रुळांवर वळवली. “संपलं,” तो पुटपुटला.

धाडकन आवाज झाला. ढेकूळ परत आलं होतं. उघड्या दारावर आपटून, नव्या रंगाचा टवका काढून ते खाली पडलं.

“मुकाट्यानं टाकतोस, मुडद्या?” म्हातारी कुंपणाला धरून गाडीबरोबर चालू लागली होती. “शिवी कुठाय, शिवी? माझा नवरा जेकब पलीकडच्या इंजिन-शेडचा फायरमन होता! माझ्याआधी ह्या घरात म्हातारी बेट्सी राहायची. त्यानं जन्मभर तिचा उद्धार केला आणि मगच कोळसा टाकला. आमच्यात भीक घालत नाहीत!”

एरिकने पोतं दारापर्यंत ओढलं आणि क्लिफकडे पाहिलं.

क्लिफने खिडकीची काच पूर्ण खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि घसा साफ केला.