नऊ वाजून चार मिनिटं

लागोपाठ चौथ्या दिवशी ऑफिसचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला आभासी संगणक, सुरू होईना. त्याच्या डिस्कची फाइल पुन्हा बिघडली होती. मृण्मयीने नोंदी चाळल्या. सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी तिच्या सहकाऱ्याने, निनादने, फाइलमध्ये लिहिलं होतं, ‘आलो.’

लॅपटॉप सुरू होताच हा शब्द आपोआप उमटावा, अशी सोय त्यानेच केली होती. पण निनादला जाऊन सतरा दिवस झाले होते.

दोन मशीन एकदम लिहू लागली की फाइलची वाट लागते, म्हणून तिला कुलूप असतं. निनादला आजारपणात घरून काम करता यावं म्हणून मृण्मयीनेच ते काढलं होतं.

तिने त्याच्या आईला फोन लावला. “काकू, निनादचा लॅपटॉप चालू असतो का?”

“तेरावा झाल्यापासून मीच लावते गं, रोज नऊला. आतला पंखा घरघरला की तो खोलीत बसलाय असं वाटतं. तुमचं काही बिघडतंय का?”

“नाही काकू. लावत जा.”

तिने कुलूप परत घातलं आणि निनादच्या लॅपटॉपला डिस्कची वेगळी प्रत दिली.

दुसऱ्या दिवशी मूळ फाइल शाबूत होती. तरी नऊ वाजता ती निनादची प्रत उघडून बसली, चार मिनिटं वाट बघत.