काळ्या चित्रावरचा दिवा

बायको गेल्याचं कळलं तेव्हा वायरमन शिडीवर होता. चित्रांच्या गॅलरीच्या मॅडमनी खालून सांगितलं, "दवाखान्यातून फोन होता. त्या गेल्या." जुनं चर्च ते, खाली बोललेलं घुमून छतातून परत यायचं. बातमी त्याच्या डोक्यावरून आली.

महिन्याने तो पुन्हा शिडी चढला. वेदीच्या जागी आता एक मोठं काळं चित्र होतं. त्याच्यावरचा दिवा त्या दिवशी लावायचा राहिला होता. खाली शिडी धरायला लेक होती. एरवी ते काम तिच्या आईचं.

वायरमनला उंचीची भीती वाटायची, हे फक्त बायकोला ठाऊक. चर्चची गॅलरी व्हायला लागली तेव्हापासून ती शिडी धरायची आणि सारखी बोलायची. आवाज छतातून यायचा, म्हणून तो वर बघायचा. खाली बघायचं राहून जायचं.

"बाबा, जमतंय ना?" लेकीने विचारलं.

आवाज वरून आला. त्याने दोन्ही हातांनी शिडी आवळली.

"तू बोलू नकोस."

छतातला आवाज थांबला, तसं त्याने खाली पाहिलं. लेकीचा भांग दिसला, दोऱ्याएवढा. खिशातला पेचकस निसटून फरशीवर वाजला, आणि ते वाजणंही वरून परत आलं.

"बाबा, उतरा."

त्याचा पाय हलेना. तळहात घामाने निसटायला लागले. लेकीला वरून त्याचा श्वास ऐकू येत होता. तिने शिडी छातीशी धरली.

"अहो वायरमन," ती म्हणाली, "तिथेच बिऱ्हाड थाटताय का? काळ्या चित्राला दिवा कशाला? लावला तरी काळंच दिसणार."

ही आईची बोलायची तऱ्हा. आवाजही जवळजवळ तोच.

त्याने वर पाहिलं. छतात कुणी नव्हतं. दोन वायरी लोंबत होत्या. त्यांच्याकडे बघत, पायाने चाचपत तो एकेक पायरी उतरला. खाली आल्यावरही त्याची मान वरच होती. लेकीने त्याचे हात पुसले.

मॅडम लगबगीने आल्या. "दुसऱ्या कुणाला बोलावू का? संध्याकाळी उद्घाटन आहे."

"नको. मीच लावीन."

संध्याकाळी प्रदर्शन उघडलं. बाकीचे सगळे दिवे लागले. काळ्या चित्रावरचा तो एक अजून लावायचा आहे.